चिंतेची अधिकृत वेळ

मागच्या वर्षी एका सोमवारी संध्याकाळी आमच्या ओट्यावर अख्खी गल्ली मयतीला बसून गेली. मेलेलं कोणीच नव्हतं.

हे सगळं माझ्यामुळे झालं. आणि मजा म्हणजे त्या वेळी मी लग्नानंतर पहिल्यांदाच काहीही न करता नुसती बसले होते. तेच नडलं.

आम्ही शेलूबाजारचे. रस्त्यालगत आमचं भांड्यांचं दुकान आहे. आमचे 'हे' दुकान बघतात, मी घर बघते आणि सासूबाई मी घर कसं बघते ते बघतात. अशी कामाची वाटणी वर्षानुवर्षं सुरळीत चालू होती. मग दोन वर्षांमागे कारंज्याहून येताना यांच्या गाडीपुढे रोही आडवा आला. (रोही म्हणजे आमच्याकडची नीलगाय. दिवसा लोकांचं सोयाबीन खाते आणि संध्याकाळी न बघता रस्ता ओलांडते.) हे पडले, पाय मोडला, प्लास्टर झालं, प्लास्टर निघालं, आणि हे पुन्हा दर सोमवारी माल बघायला कारंज्याला जायला लागले. रोहीसुद्धा विसरला असेल. विसरले नाही ती मी.

यांच्या गाडीचा आवाज गल्लीबाहेर गेला की माझ्या छातीत धडधड सुरू व्हायची. हातपाय गार पडायचे. वाशिमच्या डॉक्टरांनी छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली आणि म्हणाले, "ताई, हृदय एकदम ठणठणीत आहे." म्हणजे एवढे पैसे घालून रोगही मिळाला नाही. मग मी माझं औषध मीच शोधलं. फोन.

"कोठी आहा?"

"गाडीवर."

"हळू चालवा."

"हळूच हाये. ठेव आता."

यावर मला साधारण एक भाजी चिरून होईपर्यंत बरं वाटायचं. मग पुन्हा, "कोठी पोचले?" हे बिचारे दर वेळी उचलायचे. कारण एकदा त्यांनी उचलला नव्हता, तर मी कारंज्याच्या व्यापाऱ्याला लावला, त्याच्या शेजारच्या चहावाल्याला लावला, आणि शेवटी एका ओळखीच्या जीपवाल्याला सांगितलं की रस्त्याच्या कडेला बघत बघत ये. त्या भल्या माणसानं वाटेत यांना गाठून, जीप आडवी घालून विचारलं, "भाऊ, जिते आहा ना? तुमच्या मंडळीले सांगा लागते."

त्या दिवशी हे घरी आले ते जेवले नाहीत. आणि नागपूरला नोकरी करणाऱ्या आमच्या नेहाच्या कानावर ही बातमी मी सोडून सगळ्यांनी घातली.

"आई, तू कौन्सेलिंग घे," नेहा म्हणाली. "ऑनलाइन असतं. घरी बसून व्हिडिओवर बोलायचं."

"मी काय येडी झाली का व?"

"बाबांचा पाय मोडला तेव्हा ते येडे झाले होते का? डॉक्टरकडं गेले ना? मग."

पोरी शिकल्या की असं बोलतात. मी हो म्हणाले.

आता घरात बसून बोलायचं म्हटलं तर आमच्या घरात भिंतींना कान नाहीत, सासूबाईंना आहेत. (ऐकू कमी येतं, पण जे ऐकू नये ते बरोबर येतं.) म्हणून मी दर मंगळवारी दुपारी गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसायची. रेंजही तिथेच यायची. सासूबाईंना सांगितलं की केकचा क्लास लावलाय. चार-पाच मंगळवार गेले तरी घरात केक दिसेना, तेव्हा त्यांनी ती क्लासवाली बाई फसवी आहे असं ठरवून टाकलं.

पडद्यावर ज्या मॅडम आल्या त्या नेहाहून फार तर चार-पाच वर्षांनी मोठ्या. मी पूर्ण तयारीनं बसले होते. माझं बालपण, माझं धनजचं माहेर, वडिलांचा तापट स्वभाव, लग्नात झालेलं रुसणं, सगळं क्रमवार सांगायचं ठरवलं होतं. मॅडमनी शांतपणे थोडं ऐकलं आणि विचारलं, "रोजच्या जगण्यात तुम्हाला नेमकं काय बदललेलं हवंय?"

"मनाले शांती पायजे, मॅडम."

"छान. आणि शांती आली हे आपल्याला कशावरून कळेल? तुम्ही काय वेगळं करत असाल?"

मनात म्हटलं, शांती आली की कळतेच की, पाहुण्यासारखी. पण माझ्या लक्षात आलं की ती कधी आलेलीच नाही, त्यामुळे ओळखणार कशी हा प्रश्न रास्त आहे. मग हळूहळू फोनचं निघालं. मी सगळं सांगितलं, जीपसकट. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "ते गाडी चालवत असताना तुमचा फोन उचलतात?"

"हो मग. नाही उचलला तर मले धडधडते."

"एका हातानं?"

मी टाकीला टेकून बसले होते, ती सरळ झाले. मी ज्याला भीत होते ते टाळण्यासाठी मी जे करत होते, त्यानंच ते व्हायची पाळी होती. एवढी साधी गोष्ट. ती मला, यांना, व्यापाऱ्याला, चहावाल्याला, कोणालाच दिसली नव्हती. मला रडू आलं. मॅडमनी रडू दिलं आणि मग म्हणाल्या, "आता आपण एक लहान, मोजता येईल असं ध्येय ठरवू."

त्यावर आमची पुढचे चार मंगळवार घासाघीस झाली. मी म्हटलं दर तासाला एक फोन. त्या म्हणाल्या, कमी करून बघू. मी म्हटलं जाताना एक, येताना एक. शेवटी सौदा असा ठरला की एक सोमवार, फक्त एक, हे कारंज्याहून घरी येईपर्यंत मी एकही फोन करायचा नाही. मंगळवारी मॅडमना हिशेब द्यायचा.

"आणि धडधडलं तर?"

"त्यासाठी आपण चिंतेची वेळ ठेवू. त्या सोमवारपासून रोज साडेपाच ते सहा. दिवसभरात चिंता आली की तिला सांगायचं, आत्ता नाही, साडेपाचला ये. मग त्या अर्ध्या तासात मन लावून फक्त चिंता करायची. हातात काम नाही, फोन बंद, कोणाशी बोलणं नाही. अंथरुणावर नाही, स्वयंपाकघरात नाही. जिथे तुम्ही एरवी बसत नाही अशी जागा निवडा."

तो सोमवार उजाडला. हे नऊच्या सुमारास निघाले आणि पहिली चिंता गल्लीच्या कोपऱ्यावरूनच माघारी आली. तिला म्हटलं, साडेपाचला ये. दुसरी आली, तिलाही तेच. दारावर येणाऱ्या साडीवाल्यांना आपण सांगतो ना, तसं मी दिवसभर एकेकीला सांगून वाटेला लावत होते. दोनदा हात फोनवर गेला. दोनदा मागे घेतला. धडधडत होतं, पण मी टिकून होते, आणि मला स्वतःचं कौतुक वाटायला लागलं होतं.

त्या दिवशी नळ यायचा होता. आमच्याकडे नळ आला की बाकी सगळं थांबतं. तो आला पाच वाजता. पाणी भरलं आणि दिवसभर डोक्यात भांड्यांच्या खोक्यांची धूळ गेली होती म्हणून त्याच पाण्यानं डोक्यावरून आंघोळ करून घेतली. केस ओलेच. जुनी पांढुरकी साडी हाताला लागली ती नेसले. आणि बघते तर साडेपाचला पाच मिनिटं कमी!

आता बसायचं कुठे? जिथे मी एरवी बसत नाही अशी जागा म्हणजे अख्खं घर, कारण मी कुठेच बसत नाही. पण आतल्या खोलीत सासूबाईंची मालिका मोठ्या आवाजात चालू होती. मग राहिला समोरचा ओटा. खाली काहीतरी टाकावं म्हणून दाराशी घडी करून ठेवलेली निळी सतरंजी घेतली आणि पसरली.

या सतरंजीविषयी सांगितलं पाहिजे. ती सासऱ्यांनी घेतलेली, चांगली लांबरुंद. पण वापर असा की गल्लीत कोणाकडे मयत झाली की बायकांना बसायला ती आमच्याकडून नेतात. बारशाला, हळदीला कोणी मागत नाही. परवाच एका घरून धुऊन परत आली होती आणि मी माळ्यावर टाकायची विसरले होते. फोन बंद केला, आत पिठाच्या डब्यावर ठेवला आणि ओट्यावर, निळ्या सतरंजीवर, ओले केस मोकळे सोडून, गुडघ्यावर हनुवटी टेकून मी चिंतेला बसले.

आणि एकही चिंता येईना. दिवसभर दार ठोठावणाऱ्या सगळ्या बोलावल्यावर बेपत्ता! मी डोळे मिटले, कपाळाला आठ्या घातल्या, रोही आठवला, प्लास्टर आठवलं. कुठेतरी थोडं जमायला लागलं तेवढ्यात चपलांचा आवाज झाला.

गंगाकाकू होत्या. गंगाकाकू आमच्या गल्लीत वयानं आणि अनुभवानं मोठ्या. मयतीला त्यांच्याआधी कोणी पोचलेलं नाही, कधीकधी डॉक्टरसुद्धा नाही. त्यांनी एकदा सतरंजी बघितली, एकदा माझे ओले केस बघितले. (सुतकाची बातमी आली की डोक्यावरून आंघोळ करतात.) आणि मुख्य म्हणजे दिवेलागणीच्या वेळी मी रिकामी बसलेली बघितली. आमच्या भागात चांगल्या घरची बाई त्या वेळी रिकामी बसते ती एकाच कारणानं. काकू काही बोलणार तेवढ्यात मी तळहात वर केला. म्हणजे, आत्ता नको, माझी वेळ चालू आहे. काकूंनी मान हलवली, तोंडाला पदर लावला आणि माझ्याजवळ बसल्या.

आमच्याकडची रीत अशी की मयतीच्या घरी गेल्यावर कोण गेलं, कसं गेलं, असं घरच्यांना विचारत नाहीत. ते शोभत नाही. जायचं, बसायचं, सुस्कारा सोडायचा. नाव आपोआप कळतं, कारण आधी आलेल्याला माहीत असतंच. पण इथे आधी आलेल्या गंगाकाकू होत्या आणि त्यांना काहीच माहीत नव्हतं. हे कबूल करणं मात्र त्यांच्या आजवरच्या लौकिकात बसणारं नव्हतं.

काकू बसल्या म्हणून समोरच्या दोघी आल्या. त्या आल्या म्हणून मागच्या गल्लीतल्या आल्या. मला आधी वाटलं नळाचं पाणी पुन्हा यायचं असेल. मग वाटलं, नेहानं सांगितलं. नक्कीच! माझ्या चिंतेच्या वेळेला सोबत व्हावी म्हणून पोरीनं गल्लीला फोन केले. माझा ऊर इतका भरून आला की डोळ्यांतून पाणीच आलं. ते बघून दोघीतिघींनी डोळ्याला पदर लावला.

"रडून घे व माय," गंगाकाकू पाठीवर हात फिरवत म्हणाल्या. "मोकयी हो."

मॅडमही हेच म्हणतात, मला वाटलं. काकूंनी कुठे शिकलं?

समोरच बांगड्यांचं दुकान असलेल्या शबानाभाभी चहाची किटली घेऊन आल्या. "भाभी, चूल्हा मत जलाना आज," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "खाना हमारे तरफ से." चिंतेच्या अर्ध्या तासासाठी चूल बंद ठेवायची असते हे मॅडमनी सांगितलं नव्हतं, पण एवढी माया बघून मी नुसते हात जोडले. कोपऱ्यावरच्या घरातून पिठल्याच्या फोडणीचा वास यायला लागला होता.

मग पुरुष जमले. ते ओट्यावर येत नाहीत, खाली रस्त्यावर हाताची घडी घालून उभे राहतात. त्यांच्यात वामनभाऊ होते. गल्लीतल्या कुठल्याही अंत्यविधीची बांबूपासून राखेपर्यंतची जबाबदारी वामनभाऊंची, कोणी दिलेली नाही, त्यांनी घेतलेली. त्यांनी गंगाकाकूंना खुणेनं बाजूला बोलावलं.

"घरधनी कोठी हाये?"

"कारंज्याले गेलते सकायी."

"मंग बॉडी तठीच असन. तेच घेऊन येऊन राह्यले असतीन," वामनभाऊंनी अंदाज केला, आणि मागे वळून बाकीच्यांना मोठ्यानं सांगितलं, "बॉडी कारंज्याहून निंगाली हाये. अंधार पडाच्या आत आटपा लागते. लाकडाले फोन करा."

हे वाक्य मी ऐकलं.

बॉडी. कारंजा. निघाली. माझा फोन बंद. गल्ली ओट्यावर. शबानाभाभींचा चहा. एका क्षणात मला सगळं उमगलं, आणि सगळं चुकीचं उमगलं. या बायका मला सोबत करायला आल्या नव्हत्या. त्यांना कळलं होतं. मला एकटीलाच कळलं नव्हतं, कारण मी शहाण्यासारखी फोन बंद करून बसले होते.

"काकू," मी त्यांचा हात घट्ट धरला, "कवा झालं?"

गंगाकाकू गोंधळल्या. "म्हंजे, तुले नाई माहीत?"

"मले कोन सांगन? माया फोन बंद हाये."

काकूंना तरी कुठे माहीत होतं? पण आता बोलणं त्यांच्यावर आलं होतं. त्या घसा साफ करून म्हणाल्या, "धीर धर, माय. देवाच्या मनात असन तसं होते."

झालं. मी जो हंबरडा फोडला तो म्हणे एसटी स्टॉपपर्यंत ऐकू गेला. "माया कुंकवाचा धनी गेला व माय!" मी ओरडले, आणि सगळ्या ओट्यावर एकदम सुटकेचं रडू पसरलं, कारण इतका वेळ नुसतेच सुस्कारे टाकणाऱ्या गल्लीला अखेर नाव मिळालं होतं.

त्या दिवशी मला कळलं की माझा नवरा केवढा मोठा माणूस आहे. बायका रडता रडता सांगायला लागल्या. एकीच्या पोरीच्या लग्नात यांनी भांड्यांचा अख्खा सेट घरपोच दिला आणि वर पितळी समई आपल्याकडची ठेवली. एकीच्या कुकरची शिट्टी यांनी कितीदा बदलून दिली. शबानाभाभी म्हणाल्या, "भाईसाब कभी ऊंची आवाज में नहीं बोले." खाली एक जण म्हणत होता की मोडीत भांडी घेताना असा सरळ काटा धरणारा माणूस आता होणे नाही. मी ऐकत होते आणि आणखी रडत होते. एवढ्या वर्षांत मी या माणसाला काय म्हणाले? कोठी आहा. हळू चालवा. कोठी पोचले. यापलीकडे एक शब्द नाही.

फक्त वामनभाऊ डोकं खाजवत होते. "भाऊच गेले म्हंता," ते शेजारच्याला विचारत होते, "तं मंग घेऊन कोन येऊन राह्यलं?"

उत्तर गल्लीच्या तोंडाशी आलं. गाडीचा आवाज झाला. तो आवाज मी हजार गाड्यांतून ओळखते, पण त्या वेळी मला वाटलं की आता मला भास व्हायला लागले.

यांनी वळणावरूनच बघितलं. आपल्या घरासमोर पुरुष उभे. ओट्यावर निळी सतरंजी. बायका रडताहेत. आणि घरात म्हातारी आई. गाडी स्टँडवर लावायचं भानही राहिलं नाही. ती तशीच आडवी झाली, आणि हे धावत सुटले.

"माय वं! मले न सांगता गेली व माय!"

असा टाहो फोडत, गर्दी बाजूला सारत, माझ्या अगदी जवळून, माझ्याकडे न बघता हे थेट घरात शिरले. ओट्यावरचं रडणं कोणीतरी नळ बंद करावा तसं थांबलं. ज्याच्यासाठी आपण रडतोय तो आपल्यापेक्षा मोठ्यानं रडत शेजारून गेला, यावर काय करायचं हे गंगाकाकूंनाही सुचेना. शबानाभाभी "या अल्लाह" म्हणून खाली बसल्या. एकदा गेलेला माझा जीव कुठल्या बाजूनं परत आला ते मला कळलं नाही, पण मी भिंत धरून उभी राहिले.

आत मालिकेचा आवाज बंद झाला. मग सासूबाईंचा आला.

"काय झालं बाप्पा? पडला काय पुन्हा?"

थोड्या वेळानं दोघं दारात आले. हे लहान पोरासारखे हुंदके देत आईचा पदर धरून, आणि सासूबाई चष्मा सावरत. त्यांनी ओटा बघितला, रस्ता बघितला, चहाची किटली बघितली.

"कोन मेलं व?" त्यांनी विचारलं.

सगळ्यांनी गंगाकाकूंकडे बघितलं. गंगाकाकूंनी माझ्याकडे बघितलं.

आता लपवायला जागा राहिली नव्हती. मी जे सहा आठवडे टाकीमागे बसून जपलं होतं ते अख्ख्या गल्लीसमोर सांगायची पाळी आली. उद्यापासून आपल्याला लोक कोणत्या नजरेनं बघतील ते मला दिसत होतं. अमकीचं डोकं फिरलं, डॉक्टरची ट्रीटमेंट चालू आहे. पण खाली लाकडं सांगितली गेली होती.

"कोनीच नाई मेलं," मी म्हणाले. "मी चिंता करत बसली होती. साडेपाच ते सहा. मले ऑनलाइन मॅडमनं सांगतलं हाये. याइच्या ॲक्सिडेंटपासून मले लय भेव वाटते, छातीत धडधड होते. तं दिवसभर करायच्या ऐवजी एकच टाइम बांधून देला त्याइनं."

सासूबाई उंबरा ओलांडून पुढे आल्या.

"म्हंजे थो केकचा क्लास नवता?" सासूबाईंनी विचारलं.

"नाई, आई."

"तरीच."

मग गंगाकाकू सतरंजीवर पुन्हा बसल्या. गुडघे दाबले. माझ्याकडे वर बघून म्हणाल्या, "मले एक सांग. अर्ध्या घंट्यात भागते काय व तुयं? मले तं दिवस पुरत नाई."

पहिल्यांदा शबानाभाभींना हसू फुटलं. मग सगळ्यांना. जी पोट धरून हसत होती तीच मधेच डोळे पुसत होती, आणि त्यातलं किती हसण्याचं आणि किती आधीचं उरलेलं ते कोणालाच सांगता आलं नसतं. एक म्हणाली तिला पोरगा परीक्षेला गेला की जेवण जात नाही. शबानाभाभी म्हणाल्या, दुकानाचं शटर लावल्यावर त्या तीनदा कुलूप ओढून बघतात, मग घरून परत येऊन एकदा. "मॅडम का नंबर देना जरा," त्या म्हणाल्या, आणि अगदी सगळ्यांसमोर म्हणाल्या. मला येडी म्हणायला कोणाला सवड झाली नाही.

वामनभाऊ फोनवर लाकडं रद्द करत होते. "नाई, जिते हायत," ते समजावत होते. "हो, माया डोयानं पाहून राह्यलो. नाई, पुढच्या टायमाले पक्कं सांगतो." पिठलं-भाकर आलेली होती ती परत नेणं बरं दिसत नाही म्हणून सगळ्यांनी तिथेच, निळ्या सतरंजीवर बसून खाल्ली. सासूबाई सर्वांत खुशीत होत्या. "एक बरं झालं," प्रत्येकीला सांगत होत्या, "मी मेल्यावर हा रडते. माहीत पडून गेलं."

लोक पांगल्यावर हे ओट्यावर माझ्याशेजारी बसले. गाडीचा आरसा फुटला होता तो हातात घेऊन.

"वळनापासून इथपर्यंत येतानी," हे म्हणाले, "छाती फुटते का काय वाटलं. पाय आपले नाई असं झालं. तुले असंच होते?"

"असंच."

"रोज?"

"तुमी भाइर गेले की."

यांनी आरसा ओट्यावर ठेवला. "मले वाटे, तू वॉच ठेवते माह्यावर," म्हणाले. "आता गाडीवर असताना मी उचलनार नाई. निंगतानी मी करीन, पोचल्यावर मी करीन. उभा राहून. तू करू नको." लग्नानंतर या माणसानं मला दिलेल्या वस्तूंत ही सगळ्यात महाग, आणि ती घ्यायला मला आधी त्यांना मारावं लागलं.

मी देवाचे आभार रोजच मानते, त्यात नवीन काही नाही. पण त्या दिवसापासून माझ्या आभारांत भर पडली आहे. मला येडी न समजता डॉक्टरकडे ढकलणारी नेहा आहे. माझी सगळी कहाणी ऐकायच्या आधी 'एका हातानं?' एवढं विचारणाऱ्या मॅडम आहेत. आणि कोण मेलं हे माहीत नसतानाही, फक्त मी बसलेली दिसले म्हणून हातातलं काम टाकून माझ्याजवळ येऊन बसलेल्या सगळ्या बायका आहेत. धडधड पूर्ण गेली असं नाही. अजूनही सोमवारी येते, पण आता ती वेळ विचारून येते.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. मी गच्चीवर गेले. (सासूबाईही आल्या, टाकीच्या दुसऱ्या बाजूला बसल्या, आता लपवण्यासारखं काही नव्हतं.) मॅडमनी नमस्कार झाल्या झाल्या विचारलं, "मग? कालचं ध्येय?"

"पूर्ण, मॅडम. हे घरी येईपर्यंत एकही फोन नाही."

मॅडमचा चेहरा असा फुलला की मला त्यांची माया आली. "अहो, हे फार मोठं आहे! आता मला नीट सांगा, सगळ्यात अवघड क्षणी तुम्ही स्वतःला कसं थांबवलंत? तेच आपल्याला पुढे वापरायचंय."

"काही अवघड नाही गेलं, मॅडम," मी म्हणाले. "तेव्हा ते मेलेले होते."

मग मी त्यांना सगळं सांगितलं, सतरंजीपासून लाकडांपर्यंत. एक गोष्ट मात्र त्यांनाही सांगितली नाही. ते गेले असं समजून मी ओट्यावर धाय मोकलून रडत होते ना, तेव्हाही एकदा मनात आलं होतं की उठावं, पिठाच्या डब्यावरचा फोन चालू करावा आणि यांना लावून विचारावं, कोठी पोचले.